अमेरिकेत टेनिस: 40% स्कॉलरशिपसाठी फ्लॅट तारण ठेवावा का?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी बारावीत आहे, टेनिस खेळते, अमेरिकेतून दोन ऑफर आल्यात. एक मोठ्या कॉन्फरन्समधली (कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांची लीग) डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या पातळीवरची युनिव्हर्सिटी, वर्षाचा खर्च 62,000 डॉलर आणि त्यात 40% स्कॉलरशिप. दुसरं त्याखालच्या पातळीवरचं छोटं डिव्हिजन टू कॉलेज, पण फी, राहणं, जेवण सगळं फ्री. एजंटचं म्हणणं मोठीकडेच जा, आता तिकडे खेळाडूंना पैसे मिळतात, ईएमआय त्यातूनच सुटेल. मग फ्लॅटवर 70 लाख काढायचे का?

ताई, फ्लॅटला हात लावू नका.

एजंट सांगतोय तो पैसा खरा आहे, फक्त तो टेनिसचा नाही. हा सगळा पैसा मुळात टीव्हीचा. 2022 मधे बिग टेन कॉन्फरन्सने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर सात वर्षांचा करार केला, 700 कोटी डॉलरच्या वर, आणि तो अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलवर मिळाला. पुढे जून 2025 मधे हाऊस केसची, म्हणजे खेळाडूंनी कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए संस्थेवर केलेल्या दाव्याची, तडजोड कोर्टाने मंजूर केली, तेव्हापासून कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे वाटू शकतं, 2025-26 साठी साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. ऐकायला भारी वाटतं, पण बरीच मोठी कॉलेजं वाटणी कशी करतात बघा: 75% च्या आसपास फुटबॉल, 15% पुरुष बास्केटबॉल, 5% महिला बास्केटबॉल आणि उरलेल्या 5% मधे पोहणं, अ‍ॅथलेटिक्स, टेनिस, सगळे आले. म्हणजे शेकडो मुलामुलींत मिळून 10 लाख डॉलर, आणि तेही सगळ्यांना मिळतात असं नाहीच.

तुमच्या मुलीला 40% च का, याचं उत्तरही बहुतेक इथेच आहे. आधी डिव्हिजन वनमधे मुलींच्या टेनिसला टीमला 8 स्कॉलरशिप असायच्या, आणि एखादीला थोडी दिली तरी ती अख्खी एक मोजायचे, म्हणून कोच सहसा पूर्णच द्यायचे. तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजात आता जास्तीत जास्त 10 जणींची टीम आणि स्कॉलरशिप हवी तशी तोडून देता येते. शिवाय जुन्या मर्यादेच्या वर दिलेल्या स्कॉलरशिपचे 25 लाख डॉलरपर्यंत त्याच 2 कोटी 5 लाखांत धरतात, म्हणजे टेनिसच्या कोचला फुटबॉलशी भांडून पैसे आणायचेत.

राहिला जाहिरातीचा, म्हणजे एनआयएलचा (खेळाडूचं नाव, चेहरा वापरण्याचा) पैसा. मुलगी एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाणार. अमेरिकेत राहून पैसे घेऊन शूट, प्रमोशन, सह्यांचे कार्यक्रम हे काम धरलं गेलं तर व्हिसाच धोक्यात येतो. त्यामुळे तुमच्या कागदावर या रकान्यात शून्य लिहा, शून्यच.

आता हिशोब. 40% वजा जाता वर्षाला 37,200 डॉलर, चार वर्षांचे 1,48,800, डॉलर 90 रुपये धरला तर 1 कोटी 34 लाख. फ्लॅटचे 70 आणि तुमच्या फंडातले 40 घातले तरी 24 लाख कमीच पडतात, आणि 70 लाखांचा 10% ने 15 वर्षांचा ईएमआय 75,000 च्या पुढे जातो. मिस्टर आज 49 चे आहेत, म्हणजे 64 व्या वर्षापर्यंत हप्ते, आणि म्हातारपणासाठी ठेवलेला फंडही संपलेला. मला हे अजिबात पटत नाही.

डिव्हिजन टूमधे विमान, इन्शुरन्स, वरखर्च धरून वर्षाला 5,000 डॉलर पकडा, चार वर्षांचे 18 लाख. फुल म्हटलं तरी एक कपात असते हे मात्र माहीत असू द्या: फी आणि पुस्तकांच्या स्कॉलरशिपवर टॅक्स नाही पण राहण्या-जेवणाच्या भागावर आहे, एफ-1 वाल्यांचा तो 14% ने आधीच कापतात. तो भाग 12,000 डॉलर असेल तर 1,680 गेले. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, म्हणून दरवर्षी 1040-एनआर, म्हणजे तिकडचा परदेशी लोकांसाठीचा टॅक्स रिटर्न, भरायलाच लावा, बहुतेक पैसे परत येतात.

मोठ्या कॉलेजचं नाव सोडवत नाही हे मी समजू शकतो, मुलीने एवढी वर्षं पहाटे उठून घाम गाळलाय. तर मग त्यांच्या कोचला एकदा सरळ मेल करा, दुसरीकडे फुल मिळतेय, तुम्ही 75% पर्यंत याल का. आले तर उरलेलं साधारण 56 लाखांवर येतं, तेव्हा एज्युकेशन लोनचा विचार करू, तोही मुलीच्या नावावर, तुम्ही को-अ‍ॅप्लिकंट. आणि दोन्ही कॉलेजांकडून लेखी घ्या: स्कॉलरशिप चार वर्षांची की दरवर्षी रिन्यू होणारी, दुखापत झाली किंवा कोच बदलला तर काय. उत्तरं येईपर्यंत एजंटला पुढचा हप्ता देऊ नका.