वरणातली गोळी

"मॅडम, तो गोळी घ्यायलाच तयार नाही. जेवणातून दिली तर चालेल ना?" स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, खोटे संशय घेणं असा मानसिक आजार असलेल्यांच्या घरून हा प्रश्न मला सतत येतो.

सहकारनगरच्या एका काकूंनी तर विचारायच्या आधीच सुरुवात केली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चार महिने वरणातून. वाटीच्या तळाशी पांढरा साका दिसला आणि मुलाला कळलं. त्या दिवसापासून त्याने घरचं जेवण सोडलं, नाक्यावरच्या गाडीवर वडापाव खाऊन राहू लागला. आजारात ज्याला "जेवणात विष घालतात" असं वाटायचं, त्याच्या ताटात आईनेच खरोखर काहीतरी घातलं होतं. काकूंना मी दोष दिला नाही. दोन वर्षं रात्र रात्र जागून काढलेली बाई ती. पण वाटीत अर्धं वरण उरलं तर नेमकी किती गोळी पोटात गेली, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. काही गोळ्या तर कुटायच्याच नसतात.

मुलाला मी एवढंच विचारलं, "गोळीने तुझं काय होतं?" हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"आवाज कमी होतात. पण सकाळी डोळे उघडत नाहीत, हिंजवडीची बस चुकते. अकरा किलो वाढलोय."

तो ओलान्झापिनवर होता. त्या औषधाने झोप आणि वजन दोन्ही वाढतं, ही काही त्याची सबब नव्हती. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे त्याने स्वतः सांगितलं. गोळी रात्री अकराऐवजी आठला आली, साखर तपासली, वजन उतरलं नाही तर औषध बदलायचं ठरलं. रोजच्या गोळीऐवजी महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दलही बोलणं झालं. त्याने नको म्हटलं.

मग काकूंची पाळी. आजार उलटतो तेव्हा आधी झोप उडते, हे त्यांनाच ठाऊक होतं. म्हणून मुलाने लिहून दिलं: सलग दोन रात्री झोपलो नाही, तर आईने मला सांगून डॉक्टरांना फोन करावा. आमचा हा कागद घरगुती. पण आपल्यावर उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे, आणि तो फार थोड्या घरांना माहीत आहे.

त्याच कागदावर मुलाची एक अट होती: बाबांनी स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजायच्या नाहीत. काका अजून मोजतात. आता निदान त्याला विचारून.