विंडोज ११ आली, लायसन्स मात्र मागे राहिले

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या पाठिंब्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तेव्हापासून सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून येणाऱ्या पत्रांचा सूर एकच आहे : नवी विंडोज बसली, काम सुरू झाले, पण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा’ (म्हणजे लायसन्स खरे असल्याची मायक्रोसॉफ्टकडून खात्री करून घ्या) अशी फिकट अक्षरे कायमची येऊन बसली. या पत्रांतील चार निवडक शंका येथे घेतल्या आहेत. त्रुटीचा कोड लांबलचक असतो, परंतु ओळख पटण्यासाठी त्याची शेवटची चार अक्षरे पुरेशी असल्याने खाली तेवढीच दिली आहेत.

प्रश्न : आमचे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचे दुकान आहे. २०२० मध्ये घेतलेल्या लॅपटॉपवर मूळची विंडोज १० होती. दिवाळीनंतर ओळखीच्या एका मुलाने सर्व पुसून विंडोज ११ टाकून दिली. तेव्हापासून अ‍ॅक्टिव्हेशन होत नाही. दुकानदार म्हणतो, नवीन प्रॉडक्ट की विकत घ्या. खरोखर घ्यावी लागेल का? सौद्याच्या पट्ट्या आणि जीएसटीची कामे याच लॅपटॉपवर होतात. तो मध्येच बंद पडेल का?
— एक अडत व्यापारी, सांगली

उत्तर : आधी धास्तीचे उत्तर. लॅपटॉप बंद पडणार नाही. अ‍ॅक्टिव्हेशन नसले, तर पडद्यावरचे चित्र, रंग आणि तत्सम सजावट सेटिंग्जमधून बदलता येत नाही आणि ती अक्षरे कोपऱ्यात राहतात. आपल्या पट्ट्यांना किंवा हिशोबाच्या फाइल्सना विंडोज हात लावत नाही.

आता विकत घेण्याविषयी. विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाणे पात्र संगणकांसाठी विनामूल्य आहे, पण हा बदल नवे लायसन्स निर्माण करत नाही, जे आधी होते तेच पुढे चालवतो. त्यामुळे ‘आता काय घ्यावे’ याआधी ‘आधी काय होते’ हा प्रश्न विचारला पाहिजे. विंडोज ८ च्या काळापासून मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये प्रॉडक्ट कीचा, म्हणजे लायसन्सच्या २५ अक्षरी क्रमांकाचा, स्टिकर तळाला चिकटवण्याऐवजी ती की मदरबोर्डवरील चिपमध्येच साठवलेली असते. हार्ड डिस्क कितीही वेळा पुसली, तरी ती तेथून जात नाही. म्हणजे आपले लायसन्स बहुधा त्या लॅपटॉपच्या पोटातच आहे, फक्त त्याची आणि नव्या विंडोजची गाठ पडलेली नाही.

गाठ न पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे आवृत्तीचा फरक. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक घरगुती लॅपटॉप ‘होम सिंगल लँग्वेज’ या आवृत्तीसह येतात. नव्याने विंडोज टाकताना सेटअप एरवी चिपमधील की वाचून तीच आवृत्ती निवडतो, पण पेनड्राइव्हवर एक लहानशी फाइल ठेवून ही निवड बाजूला सारता येते, आणि दुरुस्तीवाल्यांच्या पेनड्राइव्हवर ती सर्रास असते, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘प्रो’ ही वरची आवृत्ती टाकून दिली की गिऱ्हाईकही खूश होते. होमचे लायसन्स प्रोला चालत नाही. दुचाकीचा परवाना दाखवून ट्रक चालवता येत नाही, तसेच हे आहे.

खात्री करण्यासाठी सेटिंग्ज उघडून त्यात सिस्टीम आणि त्यात अ‍ॅक्टिव्हेशन येथे जावे. पहिल्याच ओळीत आवृत्ती दिसेल. तेथे ‘प्रो’ असेल, तर निदान झाले. फाइल्स जागच्या जागी ठेवून प्रोवरून होमवर उतरण्याची सरळ वाट नाही, त्यामुळे पुन्हा एकदा सर्व पुसून विंडोज टाकावी लागेल. आपल्या सर्व फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, आणि मगच मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूल वापरून किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ तयार करून घ्यावी. असा शुद्ध पेनड्राइव्ह लावला, की सेटअप आवृत्ती विचारतही नाही. इंटरनेट जोडल्यावर थोड्याच वेळात अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होते. प्रॉडक्ट की कोठेही टाइप करावी लागत नाही.

दोन सूचना. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स वेगळे असते आणि तेही पुष्कळदा त्या संगणकाशी बांधलेले असते, म्हणून पुसण्याआधी ते त्या सॉफ्टवेअरमधूनच मोकळे करून घ्यावे. आणि जीएसटीचे विवरणपत्र भरायच्या आठवड्यात हा उद्योग मुळीच काढू नये. ‘सिंगल लँग्वेज’ या नावाने घाबरण्याचेही कारण नाही. एका वेळी मेनूंची भाषा एकच ठेवता येते एवढाच त्याचा अर्थ, मराठी टंकलेखनावर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

आणि काही शे रुपयांत मिळणाऱ्या त्या प्रॉडक्ट कीविषयी : मूळ किमतीच्या अंशात विकली जाणारी की पुष्कळदा एखाद्या संस्थेला घाऊक दिलेल्या लायसन्समधून बाहेर आलेली असते. ती आज चालते, आणि पुढे कधीतरी मायक्रोसॉफ्टने बंद केली, की ‘सी००३’ असा कोड येतो. तीच की अनेकांना विकली गेली असेल, तर ‘सी००८’ येतो. तोवर विक्रेत्याचा पत्ता लागत नाही. आपल्यापाशी स्वतःचे लायसन्स असताना ही जोखीम घेण्याचे काहीच कारण मला दिसत नाही.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात वीज पडून माझ्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड जळाला. तो बदलून घेतला आणि नंतर विंडोज १० वरून ११ केली. हार्ड डिस्क तीच आहे, सर्व फाइल्स आहेत, पण अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये ‘एफ२११’ असा कोड दिसतो. विंडोज ११ मुळे असे झाले असेल का?
— एक सेवानिवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : दोष विंडोज ११ चा नाही, तो विजेचा आहे. ‘एफ२११’ म्हणजे संगणकाचे हार्डवेअर बदलल्याचे विंडोजच्या लक्षात आले आहे. विंडोज १० पासून बहुतेक संगणकांवर ‘डिजिटल लायसन्स’ असते. त्यात संगणकाच्या भागांवरून एक ओळखखूण तयार करून ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवली जाते आणि त्या खुणेत मदरबोर्डला सर्वाधिक महत्त्व असते. रॅम वाढवली किंवा जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली, तर सहसा काही बिघडत नाही. मदरबोर्ड बदलला, की सर्व्हरच्या दृष्टीने तो नवा संगणक ठरतो. जुन्या फाइल्स डिस्कवर सुखरूप असणे आणि लायसन्स लागू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपण मदरबोर्ड जळण्यापूर्वी या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करत असाल, तर काम सोपे आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या सुधारणेपासून डिजिटल लायसन्स खात्याशी जोडले जाऊ लागले. अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘ट्रबलशूट’ हे बटण दिसेल. ते दाबून काही क्षण थांबल्यावर, या संगणकाचे हार्डवेअर नुकतेच बदलल्याचे सांगणारा पर्याय निवडावा, त्याच खात्याने लॉगिन करावे, समोर येणाऱ्या यादीतून आपल्या जुन्या संगणकाचे नाव निवडावे आणि सध्या वापरात असलेला संगणक हाच असल्याच्या चौकटीत खूण करून अ‍ॅक्टिव्हेट करावे. येथेही जुनी आणि नवी आवृत्ती एकच असली पाहिजे.

खाते जोडलेले नसेल, तर मात्र लायसन्स कोणत्या प्रकारचे होते यावर सर्व अवलंबून आहे. पेटीतून किंवा ऑनलाइन स्वतंत्रपणे विकत घेतलेले रिटेल लायसन्स एका संगणकावरून दुसऱ्यावर नेता येते, म्हणून त्याची २५ अक्षरांची प्रॉडक्ट की सापडल्यास ती ‘चेंज प्रॉडक्ट की’ येथे टाकावी. संगणकाबरोबर आलेले ओईएम लायसन्स त्या मदरबोर्डबरोबरच संपते. कंपनीने स्वतः बिघाडामुळे मदरबोर्ड बदलून दिला असेल, तर तो अपवाद, आणि तेव्हा कंपनीकडेच आग्रह धरावा. आपला मदरबोर्ड बाजारातून घेतलेला दिसतो, त्यामुळे खाते आणि रिटेल की ही दोन्ही नसल्यास नवीन लायसन्स घ्यावे लागेल, हे कडू असले तरी खरे आहे.

इतर वाचकांनी मदरबोर्ड धडधाकट असतानाच अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर जाऊन, डिजिटल लायसन्स आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडले असल्याचा उल्लेख तेथे आहे का, ते पाहून ठेवावे. नसेल, तर खाते जोडण्याचा पर्याय त्याच पानावर आहे.

प्रश्न : विंडोज ११ केल्यापासून अ‍ॅक्टिव्हेशन करताना ‘२एफ८एफ’ असा कोड येतो. घड्याळही रोज सकाळी चुकीचे असते, तारीख काही वर्षे मागची दिसते. या दोन्हींचा संबंध आहे का?
— एक गृहिणी, वाई

उत्तर : आहे, आणि आपण तो स्वतःच ओळखला आहे. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना त्याच्या प्रमाणपत्राची मुदत आपल्या संगणकाच्या तारखेशी ताडून पाहिली जाते; ती तारीख काही वर्षे मागे असेल, तर जोडणीच होत नाही. मदरबोर्डवरील रुपयाच्या नाण्याएवढी ‘सीआर २०३२’ बॅटरी संपली आहे, ती बदलून घ्यावी. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. मग तारीख आणि वेळ आपोआप ठरवण्याचा पर्याय चालू करून पुन्हा प्रयत्न करावा.

प्रश्न : माझे डीटीपीचे छोटे केंद्र आहे. दर सहा महिन्यांनी अ‍ॅक्टिव्हेशन जाते, मग एक जण येऊन दोनशे रुपये घेतो आणि कसलासा प्रोग्रॅम चालवून ते पूर्ववत करतो. विंडोज ११ केल्यावर मात्र अँटिव्हायरस तो प्रोग्रॅम उघडूच देत नाही. अँटिव्हायरस बंद ठेवावा, असा सल्ला मला मिळाला आहे. तसे करावे का?
— एक डीटीपी व्यावसायिक, सातारा

उत्तर : करू नये. या पत्रातील ‘सहा महिने’ हे शब्द सर्व काही सांगून जातात.

मोठ्या संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने केएमएस नावाची व्यवस्था ठेवली आहे. तीत प्रत्येक संगणक थेट मायक्रोसॉफ्टकडे न जाता संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून अ‍ॅक्टिव्हेशन घेतो. ते १८० दिवस टिकते, दर ७ दिवसांनी संगणक ते नव्याने घेण्याचा प्रयत्न करतो, आणि विंडोजच्या बाबतीत किमान २५ संगणक असल्याशिवाय तो सर्व्हर कोणालाच अ‍ॅक्टिव्हेट करत नाही. आपल्या केंद्रात २५ संगणक नाहीत आणि असा सर्व्हरही नाही. तो प्रोग्रॅम आपल्याच संगणकात एक खोटा सर्व्हर उभा करून विंडोजला फसवतो आणि १८० दिवसांनी ते नाटक संपते. पुढच्या प्रयोगाचे तिकीट दोनशे रुपये. मध्यंतरी ‘एफ०७४’ हा कोड दिसला असेल, तर त्याचा अर्थ सर्व्हर सापडत नाही एवढाच होतो, तो नव्हताच.

स्वतः पडताळून पाहायचे असल्यास विंडोजचे बटण आणि आर ही अक्षरकळ एकत्र दाबावी, उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत एस, एल, एम, जी, आर लिहून एक जागा सोडावी, मग तिरकी रेघ देऊन एक्स, पी, आर लिहावे आणि एंटर दाबावे. कायमचे अ‍ॅक्टिव्हेशन असल्यास तसे लिहून येते. केएमएसचे असल्यास संपण्याची तारीख येते. जुना संगणक विकत घेताना ही अर्ध्या मिनिटाची तपासणी अवश्य करावी.

हे बेकायदा आहे, हे आपणास ठाऊक असणारच. पण मला त्याहून अधिक काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. असे प्रोग्रॅम संपूर्ण संगणकाचे अधिकार मागतात आणि अँटिव्हायरस बंद करायला लावतात. ज्या संगणकावर गिऱ्हाइकांची आधार कार्डे स्कॅन होतात, ज्यावरून आपण बँकेचे व्यवहार करता, त्याच्या किल्ल्या आपण कोणी लिहिला हे ठाऊक नसलेल्या प्रोग्रॅमच्या हाती देत आहात.

आता उपाय. संगणक एखाद्या कंपनीचा आणि विंडोज ८ किंवा त्यानंतरच्या काळातला असेल, तर वर सांगलीच्या वाचकांना लिहिल्याप्रमाणे मूळ की चिपमध्ये असण्याची शक्यता आहे. शुद्ध पेनड्राइव्हवरून विंडोज टाकून पाहावी, कदाचित एक रुपयाही लागणार नाही. जुन्या डब्यावरील विंडोज ७ च्या स्टिकरवर मात्र भिस्त ठेवू नये. त्या कीवर विंडोज १० विनामूल्य देण्याची योजना २९ जुलै २०१६ रोजी अधिकृतपणे संपली. प्रत्यक्षात त्यानंतरही अनेक वर्षे ती वाट उघडी होती, म्हणून ‘आमच्याकडे चालली होती’ असे सांगणारे खोटे बोलत नाहीत, पण सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती बंद केली. संगणक जोडणी करून घेतलेला असेल आणि लायसन्स कधी घेतलेच नसेल, तर ते आता घ्यावे. एरवी अशा वाचकांना मी विंडोजऐवजी लिनक्स ही विनामूल्य प्रणाली सुचवतो, कारण तेथे अ‍ॅक्टिव्हेशन हा प्रकारच नाही. परंतु युनिकोडपूर्व मराठी फाँटवर बेतलेली मांडणीची सॉफ्टवेअरे बहुतेक विंडोजसाठीच आहेत, आणि लग्नपत्रिकांच्या हंगामात आपणास नवी व्यवस्था शिकायला लावणे योग्य होणार नाही. लायसन्सचे बिल केंद्राच्या नावाने घ्यावे, म्हणजे तो व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येतो.

खोट्या अ‍ॅक्टिव्हेशनवर नवी की टाकून भागवू नये. त्या प्रोग्रॅमने आणखी काय बदलले आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून फाइल्सची आणि फाँटची प्रत घेऊन विंडोज नव्याने टाकावी, मगच की द्यावी आणि बँकेचे पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत.