‘प्रतीक’ म्हटलं आणि सासूबाई रागावल्या

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सातवीत आहे. शाळेतल्या मैत्रिणीने तिला विचारलं, तुम्ही मातीच्या पुतळ्याला देव मानता का? तिने तेच घरी येऊन मला विचारलं. मी म्हटलं, ‘‘अगं, ते नुसतं प्रतीक असतं.’’ हे ऐकून गणपतीसाठी इथे आलेल्या सासूबाई भडकल्या. देव घरात बसलाय आणि तू प्रतीक कसलं म्हणतेस! आता लेकीला काय सांगू?

उत्तर : मी सासूबाईंच्या बाजूची आहे, रागावू नका. ‘प्रतीक’ हे उत्तर ऑफिसात चहा पिताना द्यायला बरं असतं. पण प्रतीकाला कोणी एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवत नाही. प्रतीक एकटं राहील म्हणून दीड दिवस घराला कुलूप लावायचं टाळत नाही. आपण बोलतो एक आणि वागतो दुसरंच, हे मुलं बरोबर हेरतात.

मूर्ती मातीची आहे हे तरी आपण कुठे लपवलंय? पेणहून आलेला गणपती खोक्यात असतो तोवर त्याला नैवेद्य नसतो. चतुर्थीला मंत्र म्हणून, दूर्वांनी त्याच्या डोळ्यांना तूप लावून प्राणप्रतिष्ठा केली की मग तो देव. मग बसायला आसन, पाय धुवायला पाणी, आंघोळ, वस्त्र, गंध, फुलं, जेवण, विडा. घरी आलेल्या मोठ्या माणसाचं आपण करतो तसंच सगळं. आणि निरोपाच्या दिवशी उत्तरपूजा. अक्षता वाहायच्या, ‘पुनरागमनाय च’ म्हणायचं, हातावर दही ठेवायचं आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. त्यानंतर उरते ती माती, म्हणून तर ती पाण्यात सोडताना हात कचरत नाही. (डोळे भरून येतात, ते वेगळं.)

तुकाराममहाराजांनी हे दोन ओळींत सांगून ठेवलंय : शिवपूजा शिवासी पावे, माती मातीमाजी समावे.

सत्यनारायणाच्या पूजेत तर गणपतीला मूर्तीही लागत नाही. तांदळाच्या राशीवर सुपारी मांडली की तो गणपती, शेजारच्या नऊ सुपाऱ्या म्हणजे नवग्रह, तांब्यातल्या पाण्यात वरुण. सोंड नाही, मोदक नाही, तरी गणपतीच. उलट शाळिग्राम (विष्णू म्हणून पुजतात तो काळा दगड) आणि बाणलिंग (शंकर म्हणून पुजतात तो नर्मदेतला गोटा) यांत देव कायमचाच आहे असं मानतात, त्यामुळे त्यांना प्राणप्रतिष्ठा लागत नाही. लेकीला हे जरूर सांगा. मुलांना नियमांपेक्षा असले अपवाद जास्त आवडतात.

पण व्याख्यान नको. यंदा तिला पूजेला बसवा. पुस्तक बाबा वाचतील, तूप तिने लावायचं, उत्तरपूजेला मूर्तीही तिनेच हलवायची. संस्कृत कळलं नाही तर कळलं नाही, पूजेतल्या प्रत्येक पायरीआधी ‘आता आंघोळ’, ‘आता जेवण’ एवढं मराठीत सांगा. मैत्रिणीलाही आरतीला बोलवा. लेकीने स्वतःच्या हाताने केलेलं असेल तर ती स्वतःच्या शब्दांत सांगेल, तुमचं पाठ केलेलं वाक्य लागणार नाही.

सामानातून येताना गणपतीचं बोट तुटलं तर अपशकुन म्हणून हबकणाऱ्यांची पत्रंही मला येतात. प्राणप्रतिष्ठेआधी तुटलं तर दुसरी मूर्ती आणायची, नंतर तुटलं तर अक्षता वाहून विसर्जन करायचं. बस. विसर्जन बादलीत चालतं. मूर्ती शाडूची असेल तर विरघळते, ते पाणी झाडांना घाला. प्लास्टरची विरघळत नाही आणि तिथल्या तळ्यात ती परवानगीशिवाय सोडायच्या फंदात तर पडूच नका.

आणि हो, सासूबाई परत जायच्या आत एक काम उरका. तुमच्या देव्हाऱ्यात चांदीचे टाक (देवाचा ठसा असलेले छोटे पत्रे) असतील तर कोणता कोणाचा, ते त्यांना विचारून लिहून ठेवा. घोड्यावरचा खंडोबा ओळखू येतो, पण झिजलेली देवी तुळजापूरची की कोल्हापूरची हे तुम्हाला सांगता येईल का? लिहायला लेकीलाच बसवा. सासूबाईंचा रागही तेवढ्यात उतरेल.