सोसायटीत मेनिंगोकोकल मेंदूज्वराचा रुग्ण सापडला, तर सगळ्यांना गोळ्या का देत नाहीत?

तुमच्या सोसायटीतल्या मुलाला हा आजार झाला, गोळ्या मात्र त्याच्या घरच्यांना आणि खोलीतल्या मित्रालाच मिळाल्या, बाकीच्यांना वाऱ्यावर सोडलं, असं तुम्ही लिहिलंय. तुमची भीती रास्त आहे. पण मी साथरोगांचंच काम करतो, म्हणून खात्रीने सांगतो, काम बरोबर झालंय.

हा जंतू लाळेतून, खोकल्याच्या थेंबांतून, जवळच्या सहवासात पसरतो. दहा-वीस धडधाकट माणसांत एखाद्याच्या घशात तो असतोच आणि बहुतेकांना काही होत नाही. धोका असतो तो दुखणं सुरू होण्याआधीच्या 7 दिवसांत रुग्णासोबत राहिलेल्यांना, झोपलेल्यांना. त्यांना हुडकून शक्यतो 24 तासांत औषध द्यायचं. मोठ्यांना सिप्रोफ्लॉक्सासिनचा एकच डोस पुरतो. रिफॅम्पिसिन दोन दिवस घ्यावं लागतं आणि त्याने लघवी केशरी होते, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. नाहीतर माणसं घाबरून उरलेल्या गोळ्या फेकून देतात. सरसकट वाटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

तिकडे पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायला जातं. एरवी नितळ असणारं ते पाणी या आजारात पेजेच्या निवळीसारखं गढूळ दिसतं. कल्चरसाठीचा, म्हणजे जंतू वाढवून बघण्यासाठीचा, नमुना फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, थंडीने हा जंतू मरतो. ही चूक मी पाहिली आहे. जंतू ए, सी की डब्ल्यू प्रकारचा, हे कळल्याशिवाय कुठली लस उपयोगी ते ठरत नाही.

एकमेकांशी संबंध नसलेल्या घरांतून रुग्ण येऊ लागले की मग सगळ्यांना लस. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात 1996-97 च्या साथीत सुमारे 25,000 माणसं गेली, मुख्यतः ए प्रकाराने. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली ए प्रकारावरची लस मेनआफ्रिव्हॅक डिसेंबर 2010 मध्ये त्याच पट्ट्यातल्या बुर्किना फासो देशात 1 ते 29 वर्षांच्या सगळ्यांना द्यायला घेतली. ती घशातला जंतूही रोखते, त्यामुळे न टोचलेलेही वाचले. पुढे त्या पट्ट्यातून ए प्रकार जवळजवळ नाहीसाच झाला. याचा मला फार अभिमान वाटतो. पण लस अंगी लागायला आठवडा-दहा दिवस जातात, त्यामुळे तुमच्याकडे आज गोळीच कामाची.

पुढचे दहा दिवस घरात कुणाला ताप, डोकेदुखी, मान अवघडणं, उजेड सहन न होणं असं काही झालं, तर तडक मोठं रुग्णालय गाठा. अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले तर काचेचा पेला दाबून बघा. दाबूनही ते पुसट होत नसतील तर क्षणही दवडू नका. सावळ्या अंगावर ते चटकन दिसत नाहीत, तळहात, तळपाय आणि पापण्यांची आतली बाजू बघा. आणि ठिपके उठायची वाट बघत घरी थांबू नका, ते पुष्कळदा उशिरा उठतात.