इंग्लंडचा फुटबॉल क्लब अमेरिकेत संघ काढतो तेव्हा नेमकं काय विकत घेतो?

तुमचा प्रश्न असा आहे : मँचेस्टर सिटीने न्यूयॉर्कमध्ये संघ उभा केला, तसा दुसऱ्या एखाद्या इंग्लिश क्लबला अमेरिकेत व्यावसायिक संघ काढायचा असेल तर तो कसा काढतात, खर्च किती येतो आणि घोडं कुठे अडतं?

घोडं अडतं मैदानापाशी. पैसा उभा राहतो, खेळाडू मिळतात, नावाचंही जमतं. मैदानाचं मात्र वर्षानुवर्षं जमत नाही. ते का, हे कळायला आधी तिथली व्यवस्था बघावी लागेल. ती इंग्लंडसारखी नाही. आपल्या आयएसएलला, म्हणजे इंडियन सुपर लीगला, जास्त जवळची आहे.

इंग्लंडमध्ये क्लब ही स्वतंत्र कंपनी असते. खालच्या पायरीवरचा क्लब घ्यायचा, चांगलं खेळायचं आणि वर चढायचं, हा रस्ता सगळ्यांना मोकळा आहे. अमेरिकेत ही चढ-उतार नाही. मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, ही १९९६ पासून खेळली जाणारी सर्वांत वरची लीग एकच कंपनी म्हणून बांधलेली आहे. ज्यांना आपण संघमालक म्हणतो ते या कंपनीचे भागीदार असतात आणि त्यांना एकेक संघ चालवायचा हक्क मिळतो. खेळाडूचा करारसुद्धा संघाशी होत नाही, लीगशी होतो. त्यामुळे इंग्लिश क्लब तिथे जातो तेव्हा तो लीगमधली एक जागा विकत घेतो आणि जागेसोबत लीगची सगळी नियमावली त्याच्या गळ्यात पडते.

या जागेचा भाव कसा चढला ते बघा. २००७ साली टोरंटोने सुमारे १ कोटी डॉलर देऊन प्रवेश मिळवला. २००९ मध्ये सिएटलला ३ कोटी पडले. मँचेस्टर सिटीने २०१३ मध्ये न्यूयॉर्कसाठी मोजलेली रक्कम १० कोटी डॉलर असल्याचं तेव्हा छापून आलं होतं आणि अनेकांना ती अवाच्या सव्वा वाटली. पुढे शार्लटचा आकडा ३२.५ कोटींवर गेला आणि २०२३ मध्ये सॅन डिएगोचा ५० कोटींवर. हे नुसतं प्रवेशशुल्क झालं. मैदान, सराव केंद्र, युवा अकादमी, पगार हे सगळं वेगळं. त्या हिशेबाने १० कोटींचा सौदा स्वस्तातच पडला, असं माझं मत आहे.

२१ मे २०१३ रोजी न्यूयॉर्क सिटी एफसीची घोषणा झाली. लीगमधला तो विसावा संघ. ८० टक्के वाटा मँचेस्टर सिटीच्या मालकांकडे आणि २० टक्के बेसबॉलच्या न्यूयॉर्क यँकीजकडे. हा २० टक्क्यांचा स्थानिक भागीदार फार महत्त्वाचा. परक्या शहरात तिकिटं विकणं, प्रायोजक गाठणं, महापालिकेशी बोलणी करणं ही कामं बाहेरून आलेल्या माणसाला एकट्याने होत नाहीत. शिवाय यँकीजकडे स्टेडियम होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी खेळायचं कुठे हा प्रश्न सुटला. निदान तेव्हा तसं वाटलं.

घोषणेपासून पहिल्या सामन्यापर्यंत जवळपास २२ महिने होते. तेवढे लागतातच. आधी क्रीडा संचालक नेमला, क्लॉडिओ रेयना. तो अमेरिकेचा माजी कर्णधार आणि स्वतः मँचेस्टर सिटीकडून खेळलेला, म्हणजे दोन्ही घरचं माहीत असलेला माणूस. मग प्रशिक्षक जेसन क्राइस, ज्याने २००९ मध्ये रिअल सॉल्ट लेक संघाला एमएलएस कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकून दिलं होतं. जून २०१४ मध्ये पहिला खेळाडू, स्पेनचा आघाडीवीर दाविद व्हिया. बोधचिन्ह मात्र क्लबने लोकांच्या मतदानावर सोडलं आणि निवडलेल्या चिन्हाचा आकार शहराच्या जुन्या सबवे टोकनवरून, म्हणजे भुयारी रेल्वेत तिकिटाऐवजी चालणाऱ्या नाण्यावरून, घेतलेला होता. हे मला आवडलेलं काम आहे. मँचेस्टरहून आलेल्या संघाच्या छातीवर न्यूयॉर्ककरांच्या खिशातली वस्तू आली. दुर्दैवाने जर्सी तशी झाली नाही. आकाशी रंग, समोर मँचेस्टरच्याच प्रायोजकाचा, एतिहाद विमान कंपनीचा शिक्का. मँचेस्टरची जर्सी नवीन नावाने आणली, अशी तक्रार पाठीराख्यांनी पहिल्या दिवसापासून केली आणि ती रास्त होती.

आता काय बिघडतं त्याकडे येतो. पहिली ठेच वेळापत्रकाची. एमएलएसचा हंगाम वसंतात सुरू होऊन हिवाळ्याच्या तोंडाशी संपतो, इंग्लंडचा ऑगस्ट ते मे. जुलै २०१४ मध्ये इंग्लंडच्या फ्रँक लँपार्डला न्यूयॉर्कचा खेळाडू म्हणून वाजतगाजत उभं केलं. मार्च २०१५ पर्यंत त्याला सामने नव्हते, म्हणून तो मँचेस्टर सिटीकडून खेळू लागला आणि हे लोनवर, म्हणजे तात्पुरतं उसनं देणं, आहे असं सांगितलं गेलं. सप्टेंबरमध्ये त्याने आपल्या जुन्या क्लबविरुद्ध, चेल्सीविरुद्ध, बरोबरीचा गोल केला. मग ३१ डिसेंबरला जाहीर झालं की तो मोसम संपेपर्यंत मँचेस्टरमध्येच राहणार. पाठोपाठ हेही बाहेर आलं की लोन वगैरे नव्हतंच; त्याचा चालू करार मँचेस्टर सिटीशी होता. ज्यांनी त्याच्या नावावर हंगामाची तिकिटं काढली होती ते खवळले. तो न्यूयॉर्ककडून प्रत्यक्ष खेळला ऑगस्ट २०१५ मध्ये, अर्धा हंगाम उलटल्यावर. यातून घ्यायचा धडा साधा आहे : खेळाडूचा लीगशी सही झालेला करार हातात असल्याशिवाय त्याच्या नावाने एक तिकीटही विकू नये. दोन क्लबांचा मालक एकच असला की मोठ्या क्लबची गरज आधी भागवली जाते, आणि धाकट्या क्लबच्या पाठीराख्यांना ते लगेच कळतं.

दुसरी ठेच पगाराच्या मर्यादेची. इंग्लिश क्लबला वाटतं, पैसा आहे, चांगले खेळाडू आणू. एमएलएसमध्ये ते चालत नाही. २०२५ चं उदाहरण घ्या. मुख्य २० खेळाडूंच्या पगाराची मर्यादा ५९.५ लाख डॉलर आणि एका खेळाडूच्या खात्यात जास्तीत जास्त ७,४३,७५० डॉलर धरता येतात. याला अपवाद डेझिग्नेटेड प्लेअरचा. हा नियम २००७ मध्ये डेव्हिड बेकहॅम आला तेव्हाचा. असे तीन खेळाडू ठेवता येतात. त्यांना कितीही पगार द्या, मर्यादेत तेवढे ७,४३,७५०च धरले जातात आणि वरचा पैसा मालक आपल्या खिशातून भरतो. खेळाडू २० किंवा त्याहून कमी वयाचा असेल तर दीड लाखच धरतात, २१ ते २३ वयाचा असेल तर दोन लाख. म्हणून म्हाताऱ्या तारकांपेक्षा तरुण दक्षिण अमेरिकन खेळाडू या चौकटीत जास्त परवडतो. न्यूयॉर्कने सुरुवातीला व्हिया, लँपार्ड आणि इटलीचा आंद्रेआ पिर्लो यांच्यावर तिन्ही जागा खर्च केल्या. व्हिया कामी आला, लँपार्ड दुसऱ्या हंगामात चांगला खेळला, पिर्लोचे पाय मात्र अमेरिकेतल्या धावपळीला पुरे पडले नाहीत. मे २०१६ मध्ये घरच्या मैदानावर न्यूयॉर्क रेड बुल्सकडून ०-७ असा मार बसला.

परदेशी खेळाडूंच्या जागाही मोजून मिळतात, मुळात संघाला ८. त्या दुसऱ्या संघाशी देवघेव करून कमी-जास्त करता येतात. ग्रीन कार्ड मिळालेला खेळाडू मात्र परदेशी धरत नाहीत, त्यामुळे जाणकार क्लब खेळाडू उतरला की ग्रीन कार्डाचं काम सुरू करतो. इंग्लंडहून आलेल्या व्यवस्थापनाला ही गोष्ट उशिरा उमगते.

आता मैदान. यँकी स्टेडियम बेसबॉलचं आहे. तिथे फुटबॉल बसवायचा तर इनफिल्डच्या, म्हणजे बेसबॉलच्या मधल्या चौकोनाच्या, मातीवर हिरवळीचे पट्टे अंथरावे लागतात. ते पट्टे मुरायला वेळ मिळत नाही. सांध्यांवर बूट अडकतो, चेंडू विचित्र उसळतो. मैदानाचं माप जेमतेम ११० गुणिले ७० यार्ड, म्हणजे साधारण १०० गुणिले ६४ मीटर. मँचेस्टरचं मैदान १०५ गुणिले ६८ आहे. रुंदीतले ते चार मीटर कागदावर किरकोळ दिसतात, पण मँचेस्टरचा खेळ बाजूच्या रेषेला चिकटून उभ्या राहणाऱ्या खेळाडूंवर चालतो. तिथे रेषाच आत सरकलेली. लांब थ्रो-इन थेट गोलसमोर पडतो, बचाव दाटतो, आणि घरी बसवलेली चाल बाहेरच्या मोठ्या मैदानावर उपयोगी पडत नाही. वर यँकीजचं वेळापत्रक आधी. ऑक्टोबरमध्ये बेसबॉलचे बाद फेरीचे सामने निघाले की फुटबॉलवाले रस्त्यावर. क्लबने घरचे सामने कधी क्वीन्समधल्या सिटी फील्डवर, कधी कनेक्टिकटमध्ये, तर कधी न्यू जर्सीत रेड बुल्सच्या, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळले. पाठीराख्याला हे किती बोचत असेल ते मोहन बागानच्या माणसाला विचारा, ईस्ट बंगालच्या अंगणात 'घरचा' सामना खेळायला सांगून.

स्वतःच्या मैदानाचा पहिला बेत फ्लशिंग मेडोज उद्यानातला होता. सार्वजनिक बाग द्यायची नाही म्हणून स्थानिकांनी तो हाणून पाडला. मग ब्रॉन्क्समधली जागा. ती बोलणी वाहनतळांच्या व्यवहारात फिसकटली. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये क्वीन्समधल्या विलेट्स पॉइंटची जागा ठरली. मोटार दुरुस्तीच्या दुकानांची ही वस्ती; दशकानुदशकं तिथे गटारांची सोय नव्हती, तेलाने जमीन नासलेली. एप्रिल २०२४ मध्ये नगरपरिषदेची मंजुरी, डिसेंबर २०२४ मध्ये भूमिपूजन, २५,००० आसनं, खर्च सुमारे ७८ कोटी डॉलर आणि तो क्लबच्या खिशातून. जमीन शहराची, ४९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. शेजारी २,५०० परवडणारी घरं आणि शाळा. मंजुरी मिळाली ती या घरांमुळे, असं मी मानतो. नुसतं स्टेडियम मागितलं असतं तर चौथी जागा शोधावी लागली असती. मैदान २०२७ मध्ये उघडायचं आहे. घोषणेपासून १४ वर्षं.

मग इतका खटाटोप करून मिळतं काय? याचं उत्तर वालेंतिन 'ताती' कास्तेयानोसच्या प्रवासात सापडतं. सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीने, २०१७ मध्ये उरुग्वेचा तोर्के क्लब घेतला. तिथून हा अर्जेंटिनाचा पोरगा २०१८ मध्ये न्यूयॉर्कला आला. २०२१ मध्ये १९ गोल करून लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि ११ डिसेंबरला पोर्टलंडमध्ये अंतिम सामन्यात त्याने गोल केला. पोर्टलंडने ९० मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत, अगदी शेवटच्या मिनिटांत बरोबरी साधली. पेनल्टीवर गोलरक्षक शॉन जॉन्सनने दोन फटके अडवले आणि क्लबला पहिला एमएलएस कप मिळाला. पुढे कास्तेयानोस याच समूहाच्या स्पेनमधल्या जिरोनाला लोनवर गेला, एप्रिल २०२३ मध्ये रिअल माद्रिदला एकाच सामन्यात चार गोल मारले, आणि त्यानंतर इटलीतल्या लात्सियोला विकला गेला. एका खेळाडूची किंमत चार पायऱ्यांवर वाढत गेली, आणि त्यातल्या तीन पायऱ्या एकाच घरातल्या. मुंबई सिटीत २०१९ साली ६५ टक्के हिस्सा घेतला गेला तोही याच विचारातून, फरक इतकाच की तिथे चालू क्लब मिळाला, इथे शून्यातून उभा करावा लागला.

हे मोठ्या पैशाचं झालं. मध्यम इंग्लिश क्लबने काय करावं? खालच्या श्रेणीचा रस्ता आहे आणि तो क्रिस्टल पॅलेसने चालून पाहिला. २००६ मध्ये त्यांनी बाल्टिमोरमध्ये संघ जाहीर केला; २००७ पासून तो क्रिस्टल पॅलेस बाल्टिमोर या नावाने युएसएल सेकंड डिव्हिजनमध्ये खेळला. युएसएल ही एमएलएसच्या खालच्या लीग चालवणारी संस्था, आणि नावात सेकंड असलं तरी ही देशातली तिसरी श्रेणी. २००८ च्या यूएस ओपन कपमध्ये, म्हणजे सगळ्या श्रेणींच्या संघांना खुल्या असलेल्या बाद स्पर्धेत, त्यांनी रेड बुल्सना हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली, म्हणजे खेळात कमी नव्हते. पण जानेवारी २०१० मध्ये लंडनचा मूळ क्लबच कर्जापायी प्रशासकाच्या हाती गेला आणि त्याच वर्षाअखेर बाल्टिमोरचा संघ बंद पडला. नाव उसनं, आधार उसना. मुळाला कीड लागली की फांदी सुकणारच.

या रस्त्याला किमान अटी काय, तर अमेरिकन फुटबॉल संघटनेच्या नियमांप्रमाणे तिसऱ्या श्रेणीत मुख्य मालकाकडे निदान ३५ टक्के वाटा हवा आणि त्याची संपत्ती १ कोटी डॉलरच्या वर. स्टेडियम निदान १,००० आसनांचं. दुसऱ्या श्रेणीत संपत्ती २ कोटी, आसनं ५,०००. हा मुख्य मालक शहरातला, हाडाचा स्थानिक माणूस असावा आणि इंग्लिश क्लबने अल्प वाटा, प्रशिक्षक, अकादमीची पद्धत एवढंच द्यावं, असा माझा सल्ला राहील. स्टोक सिटीच्या संचालक मंडळावरच्या फिल रॉलिन्स यांनी आधी ऑस्टिनमध्ये संघ काढला, २०११ मध्ये तो ऑर्लँडोला नेला, २०११ आणि २०१३ मध्ये युएसएल प्रो जिंकली आणि २०१५ मध्ये एमएलएसमध्ये प्रवेश केला, न्यूयॉर्कच्याच वर्षी. दोन्ही संघांचा पहिला सामना एकमेकांशीच झाला, ८ मार्च २०१५, ऑर्लँडोत १-१, आणि मैदानात ६२,५१० माणसं होती. ती गर्दी ऑर्लँडोने खालच्या लीगमध्ये चार वर्षं खेळून जमवलेली होती.

ज्यांना आता हे करायचं आहे त्यांनी एक तारीख लिहून ठेवावी. एमएलएस जुलै २०२७ पासून युरोपसारख्या वेळापत्रकावर जाणार आहे. त्याआधी फेब्रुवारी ते मे २०२७ असा छोटा हंगाम होईल. हिवाळ्यात डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सुट्टी राहील. दोन्ही देशांचे हंगाम जुळले की खेळाडू मध्येच उचलून नेण्याची वेळ येणार नाही, पण उत्तरेकडच्या शहरांत थंडीतले सामने वाढतील. त्यामुळे मैदानाचा आराखडा काढतानाच हिरवळीखाली गरम पाण्याचे पाइप आणि प्रेक्षकांवर छप्पर धरून खर्च मांडा. बांधून झाल्यावर हिरवळ उकरून पाइप टाकणं फार महाग पडतं.