टू-स्ट्रोक ट्रायल्स बाईक गरम झाली की बंद पडते, थंड झाल्यावर परत चालू होते. प्लग बदलून झाला, आता सीडीआय बदलू का?

लगेच नको. गरम झाल्यावर करंट जाणं आणि थंड झाल्यावर परत येणं, हे लक्षण सीडीआयपेक्षा (ठिणगीसाठी करंट सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यापेक्षा) मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकवर फिरणाऱ्या चुंबकी चाकाच्या, आतल्या कॉईलचं (स्टेटरचं) जास्त वेळा असतं. शिवाय सीडीआय साध्या मीटरने तपासता येत नाही. बाकी बहुतेक गोष्टी मोजता येतात, म्हणून त्या आधी उरकायच्या आणि सीडीआयवर शेवटी यायचं. खालचं सगळं कार्बोरेटरच्या, बॅटरी नसलेल्या टू-स्ट्रोकसाठी आहे.

आधी खोट करंटचीच आहे ना, ते ठरवा. गाडी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळात गाडी चालू झाली, तर टाकीचा व्हेंट पाईप तुंबलाय, वायरिंगला हात लावायची गरज नाही. तसं नसेल तर तिथेच, इंजिन गरम असतानाच स्पार्क बघा. थंड गाडीवर सगळी मापं बरोबर येतात आणि दिवस वाया जातो.

स्पार्क बघायला नुसता प्लग इंजिनला टेकवणं पुरेसं नाही. 0.6-0.7 मिमीचा गॅप उघड्या हवेत अशक्त करंटही ओलांडतो, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली तोच करंट हरतो. गॅप कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्या, साधारण 6 मिमीवर लावा आणि त्याची क्लिप इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला पकडवा. जोरात किक मारल्यावर निळसर ठिणगी चट्‌ आवाज करत उडाली पाहिजे. प्लगच्या भोकात जुना प्लग बसवून ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आणि प्लगची कॅप मोकळी लटकत ठेवून किक कधीच मारू नका. करंटला जमिनीची (म्हणजे इंजिन-चेसिसच्या धातूची, अर्थची) वाट मिळाली नाही तर तो इग्निशन कॉईलचं (प्लगला जास्त व्होल्टेज देणाऱ्या कॉईलचं) इन्सुलेशन फोडतो, कधी सीडीआयही घेऊन जातो.

स्पार्क नसेल तर पहिलं काम फुकटातलं: किल स्विच आणि मनगटाला दोरी बांधायचा मॅग्नेटवाला कटआउट (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणारा), दोन्हींचे कपलर (वायरचे जोड) काढा. बहुतेक सीडीआयमध्ये किलची वायर जमिनीला लागली की इंजिन बंद होतं, त्यामुळे ती मोकळी झाल्यावर स्पार्क आला तर दोष स्विचमध्ये किंवा तिथवरच्या वायरमध्ये. मात्र काही कटआउट उलट चालतात, सर्किट तुटलं की बंद करतात. तुमचा कुठला ते मॅन्युअलच्या वायरिंग आकृतीत बघा. या अवस्थेत इंजिन बंद करायला गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडावा लागतो, आणि ही फक्त तपासणी आहे. कटआउटशिवाय गाडी चालवू नका.

वायर कुठे घासते? ट्रायल्स बाईकचं हँडल खूप वळतं, म्हणून स्टिअरिंग हेडजवळची लूम (वायरींचा जुडगा) सर्वात आधी सोलली जाते. गाडी आयडलवर ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. इंजिन अडखळलं की जागा सापडली. त्याच बैठकीत इग्निशन कॉईलची अर्थिंग काढून गंज आणि रंग खरवडा, आणि प्लग कॅप उघडून बघा. कॅप स्क्रूवाली असेल तर एचटी लीडचं (कॉईलकडून प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरचं) काळवंडलेलं 5-6 मिमी टोक कापून ती परत पिळून बसवा. रेझिस्टर कॅप साधारण 5 किलोओहम दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॅप गेली.

आता स्टेटर. कपलर सोडून सोर्स कॉईल (सीडीआयला वीज देणारी) आणि पिकअप कॉईल (ठिणगीची वेळ सांगणारी) यांचे ओहम इंजिन थंड असताना मोजा, मॅन्युअलशी ताडा आणि लिहून ठेवा. मग बंद पडल्या क्षणी तेच परत मोजा. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो, म्हणजे 25 अंशांना 100 ओहम असलेली कॉईल 100 अंशांना 130 च्या आसपास दाखवेल. ही खोट नाही. आकडा एकदम हजारांत गेला किंवा सर्किटच तुटलं, तर आतली तार किंवा डाखाचा जोड उष्णतेने फुगून सुटतोय. आकडा वाढायच्या ऐवजी घसरला तर वेढे एकमेकांना शॉर्ट होतायत. रस्त्यात मोजणं जमत नसेल तर स्टेटर काढून, मीटर जोडून, हेअर ड्रायरने तापवा. आकडा डोळ्यांसमोर उडी मारतो. ओहम ठीक आले म्हणून कॉईल निर्दोष ठरत नाही. जास्त व्होल्टेजवरच फुटणारं इन्सुलेशन मीटरच्या छोट्या बॅटरीला दिसत नाही. त्यासाठी पीक व्होल्टेज अडॅप्टर (क्षणभराचं सर्वोच्च व्होल्टेज मीटरवर दाखवणारा) लावून किक मारून मोजावं लागतं.

मॅग्नेट उतरवताना योग्य पुलर वापरा, हातोडा नको, आतले चुंबक सुटतात. पिकअपच्या तोंडावर घासल्याची चकचकीत रेघ दिसली तर क्रँकच्या बेअरिंगमध्ये खेळ आलाय, तेव्हा नवी पिकअप बसवून उपयोग नाही. आत पाणी किंवा गंज असेल तर कव्हरचं गॅस्केट बदला. रेडिएटरचा पंखाही फिरतोय ना बघा, तो बंद असेल तर सगळा ताप स्टेटरला लागतो. वुडरफ की (मॅग्नेटला क्रँकवर ठरल्या जागी ठेवणारी छोटी चावी) अर्धी कापली गेली असेल तर लक्षण वेगळं असतं: स्पार्क दणदणीत, पण किक उलटी मारते किंवा सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात.

एवढं सगळं बरोबर निघालं तर मग सीडीआय. गाडी बंद पडल्यावर त्याच्यावर ओलं फडकं गुंडाळा, कपलर कोरडे ठेवा. दोन-तीन मिनिटांत स्पार्क परतला आणि इंजिन अजून तापलेलंच असेल तर संशय पक्का. तरी विकत घेण्याआधी त्याच मॉडेलचा, त्याच पार्ट नंबरचा चालता सीडीआय कुणाकडून तरी मागून लावून बघा. नुसता कपलर जुळला म्हणून टायमिंग जुळेलच असं नाही.