माझ्याकडे जुना एफ४०५ फ्लाइट कंट्रोलर (ड्रोन चालवणारा बोर्ड) आहे, त्यावर बीटाफ्लाइट ३.५ हे फर्मवेअर (बोर्डातलं सॉफ्टवेअर) आहे. ४.५ टाकू, की नवा बोर्डच घेऊ?

४.५ टाका. एफ४०५ चिपला १ एमबी फ्लॅश आहे, जागेची अडचण नाही. 'बोर्ड जुना झाला, फेकून दे' हे मी घरातच इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आमचं घर गुहागरच्या बाजूला, वाशिष्ठीच्या खाडीकाठी. माझा पाच इंची क्वाड (चार मोटरचा ड्रोन) असाच एफ४०५वर, एमपीयू६००० जायरोचा (फिरणं मोजणारा सेन्सर). बीटाफ्लाइट ४.२वर दोन वर्षं काजूच्या बागेवरून, खाडीवरून बिनतक्रार उडाला. मग ४.४ आलं. त्यात क्लाउड बिल्ड आहे, म्हणजे फर्मवेअरमध्ये काय काय हवं त्यावर आधी टिक करायची. मी जीपीएसवर टिक केली नाही. चिप पूर्ण पुसून फर्मवेअर टाकलं आणि जुना 'डिफ' (मी बदललेल्या सेटिंगची यादी) जसाच्या तसा पेस्ट केला. दीडशे ओळी सरसर वर गेल्या. मधे लाल अक्षरं दिसली, पण मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याचा आतेभाऊ, म्हणजे दादा, सोबत होता. क्वाड डोंगराच्या आड गेला, सिग्नल तुटला. मला वाटलं, आता वर चढेल आणि परत येईल. चारही मोटर बंद पडल्या आणि क्वाड दगडासारखा खाली. ओहोटी होती म्हणून पाण्यात न जाता तिवरांमधल्या चिखलात रुतला. गुडघाभर चिखलातून जाऊन आधी बॅटरी काढली. काठावरून दादा म्हणाला, "बघ, जुना बोर्ड हवेत रिबूट झाला. सांगत होतो तुला."

घरी बोर्ड गोड्या पाण्याने धुतला, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टूथब्रशने घासला, दोन दिवस वाळवला. लॅपटॉपला लावला तर पहिल्या झटक्यात चालू. फेलसेफचा (सिग्नल तुटल्यावर काय करायचं त्याचा) टॅब उघडला: 'ड्रॉप', म्हणजे मोटर बंद करून खाली पडायचं. माझं सेटिंग होतं जीपीएस रेस्क्यू, म्हणजे आपोआप परत यायचं. तोच डिफ परत पेस्ट केला, या वेळी एकेक ओळ बघत. फेलसेफच्या ओळीखाली लाल एरर. फर्मवेअरमध्ये जीपीएसच नाही, तर रेस्क्यू हा पर्याय त्याला ठाऊकच नाही. त्याने ओळ नाकारली आणि मूळचं 'ड्रॉप' राहिलं. बोर्डाने सांगितलं तेच केलं. ओएसडीवर (उडवताना व्हिडिओवर दिसणारी माहिती) सॅटेलाइटचा आकडा दिसत नव्हता, तेव्हाच मी उडवायला नको होतं. जीपीएसवर टिक करून पुन्हा बिल्ड केलं, क्वाड आजही त्याच बोर्डावर उडतोय. दादा अजून 'बोर्डच' म्हणतो. दादा, तो टॅब तुला दाखवलाय मी.

तर तुम्ही आधी 'डिफ ऑल' सेव्ह करा, पण ३.५चा तो डिफ ४.५मध्ये ओतू नका. पोर्ट, रिसीव्हर, मोटरचा क्रम, बोर्डाची दिशा आणि फेलसेफ त्यात वाचून हाताने भरा. पीआयडी आणि फिल्टर (क्वाड स्थिर ठेवणारी सेटिंग) नव्याचेच ठेवा. जुने आकडे नव्यावर लादले की मोटर तापतात, आणि मग शिव्या बोर्डाला. कमांडच्या टॅबमध्ये 'व्हर्जन' लिहून टार्गेटचं (फर्मवेअरमधलं तुमच्या बोर्डाचं) नेमकं नाव बघा, ओम्नीबसमध्ये तर एक-दोन अक्षरांनी बोर्ड बदलतो. आणि प्रॉपेलर काढून रिमोट बंद करून बघा, मोटर काय करतात ते.

हे सगळं एफ४०५चं. नेझ३२, सीसी३डी या जुन्या बोर्डांच्या एफ१ चिपला बीटाफ्लाइट ३.२च्या पुढे काही नाही, एफ३ला ४.०च्या पुढे नाही. एफ४११ला ५१२ केबीच फ्लॅश आहे, तिथे टिक मोजूनच करा.

तुम्हीही किनाऱ्यावर राहत असाल तर यूएसबीचं सॉकेट भिंगाखाली बघा. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवा कळंक चढतो आणि फर्मवेअर टाकतानाच कनेक्शन तुटतं. सॉकेटपुरता असेल तर साफ होतो. बोर्डाच्या तांब्याच्या पट्ट्या खाल्ल्या असतील तरच नवा घ्या.